वर झालेली करंगळी

आज एसटी स्टँडवर एका चिमुरडीनं करंगळी वर केली. तिची आई बोलणं अर्धवट टाकून लगेच उठली. मी मात्र बाकावर थिजून बसले.

माझ्या चौथीच्या वर्गात सुमन अशीच सारखी करंगळी दाखवायची. "पाढे आले की बरी लागते गं तुला! बस खाली," मी म्हणायचे. वर्ग हसायचा. पुढे तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, शिस्त लागली.

साखरेच्या आजारानं ती गेली, तेव्हा कळलं, तिला खरंच लागायची.

जन्मभर मुलांना "लक्ष द्या" म्हणत आले.

अजून डोळे मिटले की सुमन वर्गात उभी दिसते. "जा गं बाळा, जा," मी म्हणते. ती मुकाट्यानं खाली बसते.