चोर मिनारातली मुंडकी

घाटकोपरला आमच्या चाळीत गणपतीत जिवंत देखावा असायचा. त्या वर्षी मंडळातलं कुणीतरी दिल्लीचा चोर मिनार पाहून आलं आणि तोच करायचं ठरलं. सुलतानाच्या काळात चोरांची मुंडकी म्हणे त्या मिनाराच्या भोकांत लावत, येणाऱ्याजाणाऱ्याला जरब बसावी म्हणून. बाप्पासमोर हे असलं कशाला, असं मी म्हटलं, पण माझं ऐकतो कोण! प्लायवूडचा मिनार उभा राहिला. चाळीतल्या पुरुषांनी मागून भोकांत डोकी घालायची, तोंडाला पांढरा रंग, मानेला लाल, डोळे मिटलेले.

घरोघरी विचारून झालं, आमच्याकडे मात्र कुणी आलं नाही. एरवी देखाव्यात पहिला मान ह्यांचा. पण मरोळच्या कारखान्यातून तांब्याची तार गेली, आळ ह्यांच्यावर आला आणि चौकशी संपेपर्यंत हे घरी बसून होते. तार ह्यांनी घेतली नव्हती. चाळीत तोंडावर कुणी बोललं नाही, उलट सगळे नको इतके गोड वागत. त्या गोडपणाचा मला वीट आला होता.

अध्यक्ष पडद्यासाठी जुनी साडी मागायला आले, तेव्हा मी विचारलंच, "ह्यांना का नाही सांगितलं?"

"वहिनी, बरं नाही दिसत ना. चोराचं काम..."

हे आत ऐकत होते. उठले, चपला घातल्या आणि तडक मांडवात गेले. म्हणाले, "खालचं भोक माझं."

लाऊडस्पीकरवर टेप लागायची. शेवटी आवाज सांगायचा, काही म्हणतात ते चोर नव्हतेच, सुलतानाला नुसता संशय आला होता. तोवर लोक प्रसादाकडे सरकलेले असायचे. शेजारची बाई आपल्या मुलीला एकेक चोर दाखवत होती. ह्यांच्यापाशी आली आणि तिने बोट खाली घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायचंही त्राण नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांच्या मानेला बाम चोळला. "हौस फिटली ना? उद्या नका जाऊ."

"जाणार," हे म्हणाले. "तिथे निदान डोळे मिटून उभं राहता येतं गं. कुणाकडे बघावं लागत नाही."