हिरव्या खुणेवर माझा विश्वास नव्हता

माझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास व्हायची आणि ऑफिसच्या सर्व्हरवर फेल. रोज. हावड्याहून लाँचनं नदी ओलांडताना माझ्या डोक्यात एकच विचार असायचा, माझी फाइल कोण उडवतंय?

आमचं कोलकात्यातलं ऑफिस खिदिरपूरच्या गोदीतल्या एजंटांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. जहाजातून उतरलेल्या मालाची यादी प्रोग्रामनं वाचायची, एवढंच. तो ती नीट वाचतो का, हे तपासणाऱ्या टेस्ट जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचं काम माझ्याकडे होतं. एक खोटी यादी फाइलमध्ये तयार करायची आणि टेस्टला वाचायला द्यायची. सर्व्हर म्हणायचा, फाइलच सापडत नाही.

प्रोबेशन संपत आलं होतं. साहेब हिंदीत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सर्व्हरवर पास होऊ दे, मग बघू तुझं पर्मनंटचं." ते 'मग बघू' मला आतून पोखरत होतं. नववीत शाळा सोडलेला मी, मोफतच्या एका कोर्सवर इथवर पोचलो. पर्मनंट झालो नाही तर परत परभणीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुसरं काय?

संशय शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यावर होता. तो फोनवर बंगालीत बोलायचा आणि मधेच माझ्याकडे बघून हसायचा. मी जेवायला जातानाही लॅपटॉप काखेत घ्यायला लागलो. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "क्या भाई, लॅपटॉप को भी भूख लगी है?" सगळे हसले. मी मनात म्हटलं, हस लेका.

ऑफिसात मराठी बोलणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं, ताई. वडिलांची बँकेतली बदली झाली तेव्हा लहानपणी इथे आलेल्या. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती, माझ्यासाठी शब्दही टाकला होता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हा त्याचीही धास्ती वाटायची. कुणी उगाच इतकं करतं का?

"फाइल कुठे आहे तुझी?" माझी टेस्ट फेल होतेय हे कळल्यावर त्यांनी विचारलं.

"सुरक्षित आहे, ताई."

"म्हणजे कुठे?"

दाखवली. माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर, माझ्या नावाच्या फोल्डरात. कोडमध्ये तो अख्खा पत्ता मी लिहून ठेवला होता.

"अरे, हा तर तुझ्या घरचा पत्ता! सर्व्हर तुझ्या घरी कसा येणार?"

दुकानात स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला की गेलाच म्हणून समजायचं, म्हणून तो कायम खिशात. फाइलचंही मी तेच केलं होतं.

ताई म्हणाल्या, "प्रोजेक्टच्या आत टेस्टचा रिसोर्सेस फोल्डर आहे ना, सगळ्यांचा? त्याच्यात ठेव. कोडला सांग तिथून घे. मग कोड जाईल तिथे फाइल पण जाते."

"सगळ्यांचा म्हणजे कुणीही उडवेल."

"उडवली तर कोणी उडवली ते दिसतं. तू सगळ्यांवर डाउट करतो काय रे?"

मी जागेवर परत आलो. फाइल तिथे ठेवली, कोड बदलला, टेस्ट चालवली. हिरवी खूण, म्हणजे पास. इतक्या सहज? खात्री करायला मी फाइल फोल्डरातून काढून टाकली आणि पुन्हा चालवली. तरी हिरवी!

वाचायला फाइलच नाही आणि टेस्ट पास? म्हणजे ताईंनी दयेपोटी काहीतरी करून ठेवलंय, आणि शुक्रवारी साहेबांसमोर पकडला जाणार मी. तसाच त्यांच्या टेबलाशी गेलो.

"ताई, खरं सांगा, तुम्ही काही केलंय का?"

त्या बघतच राहिल्या. मग अशा काही हसल्या की शेजारचाही उठून आला. ताईंनी त्याला काय झालं ते सांगितलं. तो माझ्या स्क्रीनसमोर वाकला.

"टेस्ट चलती है तो फाइल की एक कॉपी दूसरे फोल्डर में बनती है, बाबा. तूने असली हटाया, पुरानी कॉपी वहीं पड़ी है. सब साफ करके चला."

साफ केलं. चालवली. लाल.

"अब खुश?"

होतोच. फाइल नसली की टेस्ट खरंच फेल होते, ही लाल खूण बघून जिवात जीव आला, असं माझं पहिल्यांदाच झालं. मग फाइल परत ठेवली, सर्व्हरवर पाठवलं आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. हिरवी. शुक्रवारी साहेबांनी एकवार बघितलं आणि म्हणाले, "ठीक. पर्मनंटचं आजच सांगतो वर."

आता नवी टेस्ट लिहिली की मी आधी फाइल काढून, सगळं साफ करून ती लाल होते का बघतो. हिरव्या खुणेवर नंतर विश्वास ठेवतो. जेवायला जाताना लॅपटॉप टेबलावरच असतो. लॉक करून.