सेन्सरचा खटला

एमिल हुडकला कुणालाही दोषी ठरवायची घाई कधीच नव्हती. जन्मभर तो जिल्हा कोर्टात शिपाई होता. न्यायाधीश आले की "सगळे उभे राहा" म्हणून ओरडायचं, ज्युरीला कॉफी न्यायची, आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून खटले ऐकायचे. इतके खटले ऐकल्यावर माणूस एकतर सगळ्यांवर संशय घेतो, नाहीतर कुणावरच घेत नाही. एमिल दुसऱ्या प्रकारातला. एकदा शेजारच्या कुत्र्याने यांच्या घरचं ईस्टरचं हॅम पळवलं. कुत्र्याच्या तोंडाला चरबी लागलेली, तरी हा म्हणतो, "हॅम आपणहून खाली पडलं नसेल कशावरून?" त्या ईस्टरला हुडकांच्या घरी उकडलेल्या अंड्यांवर भागलं, आणि त्याची बायको बर्नडीन कुत्र्यावरचा राग गेल्यावरही बरेच दिवस नवऱ्याशी बोलत नव्हती.

तर मार्चच्या सुरुवातीला एमिलच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी मरून रंगाची, वयस्क, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खालून खाल्लेली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि मागे पेट्रोलचा वास सोडायची. समोरच्या डेल कोस्टिककडे असले दिवे वाचायचं यंत्र आहे. कुणाच्या गाडीत दिवा लागला की डेलला खिडकीतून दिसतो की काय कोण जाणे. तो चपला घालून हजर.

"पुढच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर," यंत्र बघून डेल म्हणाला. "गेला. बदलून टाक."

"कशावरून गेला?"

"यंत्र म्हणतंय ना!"

"यंत्राने डोळ्यांनी पाहिलंय? अरे डेल, सेन्सर कोण? धुराच्या नळीत बसून धुराचा वास घेणारा. पेट्रोल जास्त झालं, कमी झालं, एवढं इंजिनाला कळवतो बिचारा. आग लागली म्हणून ओरडणाऱ्यालाच तू बेड्या घालणार?"

"मग घाल त्याच्या गळ्यात हार," असं म्हणून डेल यंत्र उचलून घरी गेला.

एमिलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नळीला भोक असलं किंवा हवेचा पाइप फाटला, तरी नाव सेन्सरचंच येतं. पण एमिल तपासाला ज्या संथपणे लागला, तो संथपणा गल्लीला नवीन होता. आधी त्याने धुराच्या नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. बुडबुडे नव्हते. मग हवेचे पाइप एकेक चाचपले. मग उंदराने वायर कुरतडली असेल म्हणून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि तिथेच त्याला डुलकी लागली.

आता या गाडीची घाई कुणाला होती, ते सांगायला हवं. घाई बर्नडीनला होती. मार्चअखेर गाडीच्या सरकारी तपासणीच्या स्टिकरची मुदत संपत होती. दिवा लागलेल्या गाडीला नवा स्टिकर मिळत नाही, आणि स्टिकर नसलेली गाडी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला चालत नाही. बर्नडीनची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. पहिल्या परीक्षेत तिने पार्किंगचा खांब पाडला होता. दुसऱ्या वेळी खांब वाचला, पण गाडी थांबली ती पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे. ही तिसरी संधी, आणि शेवटची. हीही गेली तर सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढी जिद्द आपल्यात उरणार नाही हे तिला माहीत होतं.

लग्न झाल्यापासून तिला गाडीची गरजच पडली नव्हती. एमिल होता. दर गुरुवारी तो तिला केस सेट करायला न्यायचा, तिथून तिची बहीण फिलोमिना हिच्याकडे, तिथून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बिंगो खेळायला. ती आत, तो बाहेर पार्किंगमध्ये, पेपर आणि चिप्ड हॅमचं, म्हणजे कागदासारख्या पातळ कापांचं, सँडविच घेऊन. "पट्टा लाव," असं म्हटल्याशिवाय त्याने गाडी कधी हलवली नाही. "माझं आयुष्य पार्किंगमध्ये गेलं," असं तो भेटेल त्याला सांगायचा, पण एकाही गुरुवारी त्याला उशीर झालेला कुणी पाहिला नव्हता. गेल्या साली त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बर्नडीनला डेलच्या गाडीतून जावं लागलं. डेल वाटभर यंत्राबद्दल बोलत होता. त्याच दिवशी तिने शिकायचं ठरवलं.

आणि तेव्हापासून एमिलला एकच भीती होती. कोर्टाची नोकरी संपली होती, मुलं दूर गेली होती. आता गुरुवारही गेला तर आपल्याला कोण कशाला विचारणार? हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तो गाडीखाली जाऊन तपास करत राहिला.

पण तपासाला शेवटी एक दिवस पुरावा सापडतोच. गाडीला असे सेन्सर दोन होते, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. एमिलने ठरवलं, दोघांच्या जागा बदलायच्या. ठरवणं सोपं. पुढचा सेन्सर गंजाने असा बसला होता की नळीचाच अवयव वाटावा. त्याने रात्रभर तेल मुरवलं, इंजिन गरम केलं, पान्याला लोखंडी पाइप जोडून लोंबकळला, मेरीमातेला आळवलं आणि मग तिची माफी मागावी लागेल असंही बरंच काही बोलला. एकदाचा कर्रर्र आवाज झाला आणि सेन्सर फिरला. मागचा त्यामानाने सभ्य निघाला. अदलाबदल झाली, डेलकडून मागून आणलेल्या यंत्राने दिवा पुसला, म्हणजे त्याची नोंद खोडून तो विझवला. मंगळवारी दिवा पुन्हा लागला. यंत्र आता मागच्या बाजूचं नाव घेत होतं.

एमिलने यंत्र खिशात घातलं आणि बर्नडीनला सांगितलं, "जबाब अजून अपुरे आहेत."

शनिवारी डेल आपलं यंत्र न्यायला आला आणि हात शिवशिवले म्हणून त्याने ते गाडीला लावलंच. "अरेच्चा! हा तर बाजू बदलून बसला!"

बर्नडीन पायरीवर वाटाणे सोलत होती. तिच्या जेवणाच्या टेबलावर एमिलने ऐकून आणलेले हजार खटले आजवर येऊन गेले होते.

"एमिल, तू दोघांच्या जागा बदलल्यास?"

"हो."

"म्हणजे हा जाईल तिथे चोरी होते. आता आणखी काय पाहिजे तुला, कबुलीजबाब?"

एमिलने पाना उचलला आणि फडक्याने पुसायला घेतला.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

डेलला अचानक घरी काम आठवलं. बर्नडीन आत गेली आणि शिवणाच्या खणातून एक छोटा खोका घेऊन आली. नवा सेन्सर होता. दिवा लागला त्याच आठवड्यात तिने तो आणून ठेवला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुझं मन तयार होऊ दे. पण एमिल, तुझ्या मनाला स्टिकरची तारीख वाचता येत नाही."

एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. लाजेने त्याचे कान तापले. त्याच दुपारी त्याने जुना सेन्सर काढला, आटे ब्रशने घासले आणि नवा बसवून हाताने वायर जोडली. दिवा पुसला. गाडी सिग्नलला थरथरायची थांबली.

पण स्टिकर देणारा गॅरेजवाला ऑझी म्हणाला, "दिवा पुसलात म्हणजे गाडीची स्मरणशक्तीही पुसलीत. आधी ती चालवून आणा. हायवेवर एका वेगाने, बराच वेळ. मग पाय काढून घ्यायचा आणि ब्रेक न लावता तिला आपोआप मंदावू द्यायचं. गाडीने स्वतःची तपासणी केली की मी तिची करतो."

"मी चालवते," बर्नडीन म्हणाली. एमिलने किल्ली काढून तिच्या हातात दिली.

हायवेवर तिने वेगाचा काटा एका आकड्यावर नेला आणि तिथेच धरून ठेवला. शेजारी बसलेला एमिल त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत होता. उतारावर तिने पाय काढला. गाडी मंद होत गेली, मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला.

"बर्नडीन, ट्रक!"

"आरशात दिसतोय मला. ओरडू दे त्याला."

तिचे हात स्थिर होते. आपली बायको चांगली गाडी चालवते, हे एमिलला तिथे दिसलं, आणि अभिमान आणि दुःख एकदमच वाटलं.

स्टिकर मिळाला. परीक्षेत खांब जागचे हलले नाहीत. बर्नडीन पास झाली.

पुढच्या गुरुवारी ती एकटी गेली. एमिलने दारातून हात केला. त्याने चिप्ड हॅमचं सँडविच केलं, टेबलावर बसून खाऊन पाहिलं, चव लागेना. मग तो पेपर घेऊन रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसला आणि तिथे खाल्लं. तरी लागेना.

एवढ्यात गाडी दारात. बर्नडीनचे केस सेट झालेले, पण फिलोमिनाकडे ती गेलीच नव्हती.

"एमिल, गाडीतून कसला तरी आवाज येतोय."

"कसला?"

"टकटक. म्हणजे, खरखर. तू बसून ऐक."

तो शेजारी बसला. गल्लीला एक फेरी झाली. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. एमिलने डोळे मिटून ऐकलं. कोर्टात त्याने खोट्या साक्षी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतकी कच्ची साक्ष कधी ऐकली नव्हती.

"आवाज आहे," तो म्हणाला.

"आहे ना? मी म्हटलंच."

"पण एका फेरीत निकाल नाही देता येणार. दर गुरुवारी ऐकावं लागेल."

"किती दिवस?"

"खटला मोठा आहे, बर्नडीन."

तिने गिअर टाकला, आरसा पाहिला आणि म्हणाली, "मग पट्टा लाव."