भोंग्याला ओ देणाऱ्याची बहीण

नीलाक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सूप तसंच टाकून भवानी पेठेत धावले. माझ्या या मैत्रिणीला लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ओसरीवर भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूती, आणि तिचा धाकटा भाऊ मल्लू कुठंच दिसेना. त्याला मागच्या खोलीत, सुताच्या गठ्ठ्यांमागे कोंडला होता... माणसं येणार, शोभा नको, असं तिच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं म्हणणं. सव्वा महिना झाला, माझा राग उतरलेला नाही. उतरावा अशी इच्छाही नाही.

मल्लू गिरणीच्या भोंग्याला ओ द्यायचा. भोंगा झाला की "आलो, आलो!" म्हणून ओरडायचा. पेठ हसायची. खरं सांगते, मीही हसायचे. विधवा होऊन माहेरी आलेली नीलाक्का तेवढी मान खाली घालायची. मग एकदा वाचनालयातून तिनं एक कादंबरी आणली. तिच्यात गोष्ट सांगणारा गृहस्थ घरातलं प्रत्येक दार उघडण्याआधी त्याची माफी मागतो. का, तर बिचाऱ्याला दिवसभर सगळे ढकलतात! मी खो खो हसले. ती हसली नाही.

"येडा म्हणतीस व्हय गं त्याला? त्यानं कारण तरी सांगितलं की. आमच्या मल्लूला आमी कवा इचारलंच न्हाय."

पुस्तक पालथं घालून ती तशीच मागच्या खोलीत गेली, मीही मागोमाग.

"तम्मा, भोंग्याला ओ का देतोस रं?" धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणायची.

मल्लूनं गिरणीच्या दिशेला बोट केलं. "येवढ्या जोरात हाका मारतंय... कुणी तरी ओ द्याया नको?"

नीलाक्का ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हाताला धरून ओसरीवरच्या बाकावर बसवलं आणि तीच कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवू लागली. अण्णांच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. अण्णा कडाडले, "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोकास्नी बी बसवा की हितं. ऐकू द्या." मुलीचं लग्न व्हायचं तिथं झालंच. कादंबरी संपली की नीलाक्का पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करी, आणि वाचनालयाचे तगादे चुलीत जात.

नीलाक्का गेल्यापासून मल्लू त्या मागच्या खोलीतच कोंडलेला होता. गेल्या आठवड्यात मी कुणाला न विचारता तिची कडी काढली आणि मल्लूला ओसरीवरच्या बाकावर आणून बसवलं.

"वैनी, हे आमचं घर हाय," अण्णा म्हणाले.

"मल्लूचं बी हाय," म्हणत मी तीच कादंबरी उघडली. मल्लू सरकला आणि नीलाक्का बसायची ती जागा त्यानं मला दिली.

आता रोज दुपारी आम्ही दोघं तिथं वाचत बसतो. ज्यांना लाज वाटते, त्यांनी मागच्या दारानं जावं.