कोमट पाण्यातले पाय

हिंदी मुलखातल्या आमच्या फ्रीगंज भागात घरोघरी केबल टीव्ही येत होता, तेव्हाची गोष्ट. मला नववा महिना लागला होता. टावर चौकाजवळच्या एका प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाई आम्हा गरोदर बायकांना कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसवायच्या. अंग सैलावतं, झोप चांगली लागते, म्हणायच्या.

एकदा शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी, सावळी मुलगी होती. तिचेही दिवस भरत आले होते. पाण्यात पाय जाताच तिनं डोळे मिटले आणि बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवल्या.

"अच्छा लग रहा है?" मी विचारलं.

"दीदी, ससुराल में सबका पानी मैं गरम करती हूँ," ती हळूच म्हणाली. "मेरे लिए आज पहली बार किसी ने किया."

माझी आई बाळंतपणासाठी अकोल्याहून आली होती. माझ्या अंघोळीचं पाणी रोज तीच काढायची.

"मायके नहीं जाओगी?"

"माँ होती तो जाती."

बऱ्याच वेळानं आयाबाई टब उचलायला आली.

"रुको ना," ती मुलगी घाईनं म्हणाली, "अभी गरम है."

माझ्या टबातलं पाणी केव्हाच गार झालं होतं. मीही पाय बाहेर काढले नाहीत.