दस्त्याच्या आतली खूण

तिच्या पर्समध्ये कंगवा सापडेलच असं नाही, पण भिंग हमखास सापडे. म्हणून तंत्रशाळेत सगळे तिला भिंगवालीच म्हणत. मुलांना लेथ शिकवून झालं की ती जुन्या लष्करी रायफलींच्या मागे लागायची. त्यातही लढाईत मोडलेल्या आणि कारखान्यात पुन्हा बांधलेल्या. एकीची नळी, दुसरीचा बोल्ट, तिसरीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता. बोल्टवरचा जुना नंबर कारागीर खरवडून टाकत नसत. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा ठोकत. त्या रेघेवरून रायफलीचा गेला जन्म कळतो, असं ती सांगायची.

हे वेड वडिलांचं. अण्णांनी अशा रायफली बांधणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं दस्ते बसवले. कारखाना बंद पडला तेव्हा कागद रद्दीत गेले, त्यांच्यासोबत कारागिरांची नावंही गेली. उरले ते लाकडावर ठोकून उमटवलेले पंच, कारागिरांच्या खुणा. प्रत्येकाचा वेगळा. अण्णांचा त्रिकोणात सात.

गेल्या वर्षी संग्रहालयातल्या एका रायफलीवर तिला तो सात दिसला. काचेतून फोटो धड येईना, म्हणून रायफल बाहेर काढून तपासायच्या परवानगीसाठी अर्जामागून अर्ज करून ती पुन्हा गेली. बघते तर दस्ता आरशासारखा लखलखीत, आणि समोर पाटी: 'मूळ स्थितीतील रायफल'.

संग्रहालयाचे प्रमुख मोठ्या कौतुकाने सांगू लागले, की डागडुजीच्या खुणा फार घाण दिसत होत्या, दोन दिवस पॉलिश पेपर मारून घेतला. लोकांना अस्सल माल बघायचा असतो.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोल्टवर दोन नंबर, नळीवर तिसराच, आणि म्हणे मूळ! साहेब, घरातल्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांवरही पॉलिश पेपर मारता का?"

या दस्त्यावर माझ्या वडिलांची खूण होती, हेही तिने सांगितलं. साहेब हसले. खूण तर गेली बाई, म्हणाले, आता पुरावा कुठला आणणार?

तिला अण्णांची खोड आठवली. दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी बसवण्याआधी ते आतल्या लाकडावरही पंच मारत. तपासनीस खेकसायचा, की आत कोण मरायला बघणार आहे. अण्णा म्हणत, वरची खूण झिजते, आतली टिकते.

तिने पेचकस मागितला. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण परवानगीच्या पत्रावर सही त्यांचीच होती. दोन स्क्रू सुटले, पट्टी निघाली. कोऱ्या, कोरड्या लाकडावर त्रिकोण होता. त्रिकोणात सात.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टी झटपट लावून टाकायला सांगितलं. आत काय आहे ते कोणाला दिसतंय?

तिने दोन्ही स्क्रू मुठीत धरले. "आधी पाटी."

साहेबांनी धुसफुसत पेन काढलं. 'मूळ' खोडून 'दुरुस्त केलेली' लिहिलं. तिने मान हलवली, नाही. मग 'पुन्हा बांधलेली' लिहिलं आणि हात पुढे केला.

मूठ उघडली नाही.

"कोणी बांधली ते राहिलं, साहेब."