व्हय म्हंजी हो न्हवं

"ताई, तुमच्या गावाचं मत आलेलं आहे. तुम्ही बसून घ्या."

असं म्हणत बैठकीची यवस्था बघणाऱ्या पोरीनं माझ्या हातातला माईक काढून घेतला. ओढला न्हाय. लहान लेकराच्या हातातली कात्री काढून घेत्यात तसा अलगद काढला. आन् वर हसली.

बारामतीतला मोठा हॉल व्हता. गार हवेचा. स्टेजवर दिल्लीचे सायेब, त्यांच्या बाजूला पुण्याच्या मॅडम, आन् म्होरं खुर्च्यांवर आमी, धरणाच्या काठाच्या गावांची माणसं. गड्यांना दारातच फेटे बांधले व्हते. मी नऊवारीत. रोज मी पाचवारी नेसते. पण निरोपच तसा आला व्हता, बायकांनी नऊवारीत यावं, फोटोत चांगलं दिसतं. घरात नऊवारी न्हवती. म्हून वारलेल्या आईचं लुगडं पेटीतनं काढलं, डांबरगोळीच्या वासासकट, आन् तेच नेसून गेले.

मला एकच बोलायचं व्हतं. धरणाच्या गाळातली आमची शेती, आमची गाळपेर, बंद करू नका. पळसदेवहून तेवढ्यासाठी आले व्हते.

"मत आलंय म्हंजी? कवा आलं?" मी इचारलं.

पोरीनं बोट करून पडदा दाखवला. पडद्यावर मी. आमच्या शाळेम्होरचा लिंब, खाली सतरंजी, डोक्यावर पदर घेऊन बसलेली मी. कुणीतरी बोलतंय, आन् मी मान हलवत म्हणतीय, "व्हय... व्हय... व्हय बाई, व्हय." खाली मोठ्या अक्षरात लिवलेलं: पळसदेव. सहमती.

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतला एक कोटवाला म्हणाला, "किती गोड बोलतात ना हे लोक! व्हय!" त्याच्या शेजारच्यानं तोंड वाकडं करून म्हणून दाखवलं, "व्हय व्हय." अख्खी रांग हसली. मी तशीच उभी, आईच्या लुगड्यात, हात मोकळा. मंग बसले. काय करणार?

आता हे व्हय काय असतं ते सांगते. सगळा घात त्या शब्दानं केला. शब्दानं कशाला, माणसानं केला. त्याच्याकडं येते मी.

आमच्याकडं कुणी बोलाय लागलं की ऐकणाऱ्यानं व्हय म्हणायचं असतं. व्हय म्हंजी हो न्हवं. व्हय म्हंजी, बोल बाबा, मी हितंच हाय, माझं ध्यान हाय. व्हय म्हणलं न्हाय तर बोलणाऱ्याचा अपमान. मैताच्या घरी बाई रडत रडत सांगती, तिला व्हय म्हणायचं. भांडणातबी म्हणायचं, "व्हय, बोल, अजून बोल, मंग दाखवते तुला." माझी सासू तर भांडी इकणारीचं समदं ऐकायची, घंटा घंटा व्हय व्हय करायची, ती बिचारी हुशारून टोपलं रिकामं करायची, आन् सगळं ऐकून झालं की सासू म्हणायची, "न्हाय घ्यायचं." भांडीवालीला राग न्हाय यायचा. तिलाबी ठावं व्हतं, व्हय येगळं आन् घ्यायचं येगळं.

आमचा बा उन्हाळ्याच्या दुपारी जुन्या गावाच्या गोष्टी सांगायचा. धरणात बुडालेल्या गावाच्या. कुठल्या गल्लीत कुणाचं घर, कुठल्या विहिरीचं पाणी गोड. मी आन् संजू, दोघं त्याच्या दोन अंगाला. व्हय म्हणायचं काम आमचं. व्हय थांबला की बा इचारायचा, "झोपलासा व्हय रं?" मंग संजू दचकून उठायचा आन् डोळं मिटूनच म्हणायचा, "व्हय आबा, व्हय."

संजू माझा चुलतभाऊ. त्याची आई लवकर गेली, म्हून आमच्याच घरात वाढला. मला आक्का म्हणतो. सख्ख्या भावापरीस जास्त केलं मी त्याचं. शिकला, पुण्याला गेला, आन् अशा हापिसात लागला की जे सरकारसाठी गावोगावच्या लोकांची मतं गोळा करतं. मला केवढा अभिमान! दिसल त्याला सांगायची, आमचा संजू आता दिल्लीपतुर बोलतो.

मागल्या उन्हाळ्यात त्यो गावात आला. पाणी लई खाली गेलं व्हतं, बुडालेलं जुनं देऊळ पायरीपतुर उघडं पडलेलं. संगं पुण्याच्या मॅडम आन् कॅमेरावाला. म्हणाला, "आक्का, देशातल्या समद्या धरणांच्या पाण्याचं नवं धोरण व्हतंय. आन् ह्या येळंला सरकार आदी आपल्याला इचारणार हाय. पहिल्यांदा आपला आवाज वर जाणार. तू लोकं गोळा कर."

मी उन्हातान्हात वस्तीवस्तीवर फिरले. रानातली कामं टाकून बाया आणल्या. मासं धरणारे धोंडीआबा, आमच्यातले सगळ्यात म्हातारे, धुतलेली टोपी घालून आले. गाळपेरीतली कलिंगडं कापून मॅडमच्या म्होरं ठिवली. त्यांनी खाल्लीबी. "हाऊ स्वीट" म्हणाल्या.

गाळपेर म्हंजी काय, तर उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आन् गाळ उघडा पडतो. त्यात आमी कलिंगड, काकडी, कांदा लावतो. कागदावर जमीन सरकारची. पण गाळाखाली आमच्या बापाचा बांध हाय. पाणी हटलं की आमी आमच्याच रानात जातो, चार महिन्यांसाठी. धरणानं घेतलेल्यातनं आमाला एवढंच माघारी मिळतं.

मॅडम बोलाय लागल्या. पाण्यावर सोलरच्या काचा तरंगणार. काठाचा पट्टा तारेनं बंद हुणार. मासंमारी ठेक्यावर जाणार. देशाला वीज, देशाचा विकास. त्या लई येळ बोलल्या, आन् संजू मधीमधी आमच्या बोलीत समजावून सांगत व्हता. आमी ऐकत व्हतो. पटत न्हवतं, पण पाव्हणी बाई बोलतीय, तिचं पुरं ऐकून घ्यावं, मंग आपलं सांगावं, ही आमची रीत. म्हून आमी व्हय म्हणत व्हतो. धोंडीआबा व्हय. बाया व्हय. मी तर म्होरंच बसलेली, माझा व्हय सगळ्यात मोठा.

त्यांचं संपलं. मी पदर सावरला आन् म्हणलं, "आता आमचं ऐका."

मॅडमनी घड्याळ बघितलं. इमान गाठायचं व्हतं त्यांना. संजू म्हणाला, "आक्का, तुमचं म्हणणं बारामतीच्या मोठ्या बैठकीत मांडायचं. तितं खुद्द दिल्लीचे सायेब येणार. मी तुला माईक देतो, माझा शब्द." गाडी धुरळा उडवत गेली. त्या शब्दावर मी लुगडं नेसून बारामतीला गेले व्हते.

तर हॉलमधी पडद्यावर एकेक गाव येत व्हतं. दर गावाचा एक म्हातारा न्हायतर एक बाई, आन् तोंडात तेच. "व्हय." "व्हय की." "व्हय सायेब." सहमती. सहमती. टाळ्या. मी बाजूच्या खुर्च्यांवरच्या माणसांची तोंडं बघितली. पडद्यावर आपलंच तोंड बघून पांढरी पडलेली. दर गावाला वाटत व्हतं, आपलंच काहीतरी चुकलं, बाकीच्यांनी खरंच हो म्हणलं असंल. अरे, एकेकाला सुटं गाठलं की आमाला! एका गावाचं दुसऱ्या गावाला ठावं न्हाय. देशाचं धोरण ठरतंय, त्यात आमचा उभ्या मुलखाचा मिळून एक शब्द, आन् त्योबी उलटा करून लावलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

च्याच्या टेबलाजवळ संजू सापडला. गळ्यात पट्टा, हातात दोन फोन.

मी म्हणलं, "संजू, त्या मॅडमला न्हाय कळत. दिल्लीच्या सायबाला न्हाय कळत. तुला ठावं न्हाय व्हय, व्हय म्हंजी काय?"

मला वाटलं म्हणंल, चूक झाली आक्का. माणूस चुकतो. मी माफबी केलं असतं, खरं सांगते.

त्यो इकडं तिकडं बघत हळू म्हणाला, "ठावं हाय आक्का. पण तिकडं व्हय म्हंजी हो. कागदावर हो न्हायतर न्हाय, तिसरं काय लिवाय जागाच नसती."

ठावं हाय! ठावं असून केलं ह्यानं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्यानं केसानं गळा कापला. जो व्हय ह्यो माझ्या बाजवळ शिकला, त्योच व्हय इकून आला ह्यो.

मंग त्यो बोलाय लागला. "आक्का, डोकं शांत ठेव. धोरण काय आपल्यासाठी थांबणार न्हाय. आपण आत असलेलं बरं. तुझ्या थोरल्या पोराला सोलरवर चिकटवून देतो..." आन् मधीच थांबला. माझ्याकडं बघितलं.

व्हयसाठी थांबला व्हता.

मी व्हय म्हणलं न्हाय. तोंडात आला व्हता, जन्माची सवय. दात आवळले.

त्यानं परत सुरुवात केली. "तुझं घर माझं घर हाय. मी काय तुमचं वाईट करीन?" परत थांबला. मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. गप. त्यो घाम पुसाय लागला, त्या गार हॉलमधी. "आक्का... ऐकतीस न्हवं?"

मी ऐकत व्हते. पण व्हय दिला न्हाय. आन् त्याला म्होरचं बोलताच येईना. पुण्याचा पट्टा गळ्यात असला तरी माणूस आमच्यातला, व्हय मिळाला न्हाय की त्याची जीभ अडली. तवा मला कळलं, आपल्याकडं काय हाय ते. आपण फुकट वाटत आलो, म्हून त्याची किंमत कळली न्हाय.

मी आत गेले न्हाय परत. दारातच उभी ऱ्हाऊन बाहेर येणाऱ्या एकेकाला धरलं. कुठलं गाव? तुमी काय म्हणाला व्हता? समद्यांचं एकच. "आमी आपलं ऐकत व्हतो बाई." मी समद्यांचे नंबर घेतले. कुणी कुणी फेटे सोडून तिथंच खुर्चीवर टाकले.

जिपीत धोंडीआबा माझ्या बाजूला बसले व्हते. भिगवण आलं. मंग म्हणाले, "पोरी, धरणाच्या आदी एक सायेब आला व्हता जुन्या गावात. नकाशा घेऊन. मी तवा बारका व्हतो. लई गोड बोलला. आमचे म्हातारे पारावर बसून ऐकत व्हते."

"मंग?" मी म्हणलं.

"मंग काय. व्हय म्हणत व्हते की समदे."

आन् म्हातारा ढसाढसा रडला. मला रडू आलं न्हाय. मला राग आला. सायबांचा आला, संजूचा आला, आन् आमच्या त्या चांगुलपणाचा सगळ्यात जास्त आला. आमी पाव्हण्याचा मान राखतो, आन् पाव्हणा गाव बुडवून जातो. दोनदा! एक येळ आमची रानं गेली. आता रानांवरचा गाळबी न्यायचा हाय त्यांना.

त्यानंतर गावात बैठक घेतली. बाया म्हणाल्या, व्हय न म्हणता ऐकायचं म्हंजी माजुरडेपणा. मी म्हणलं, "दिसू द्या माजुरडेपणा. आजपतुर चांगल्या दिसलात, काय दिलं कुणी?" हसल्या. पण सवय लागंना. एकजण बोलंल आन् बाकीच्यांनी गप ऐकायचं, अशी आमी चक्क तालीम केली. चार वाक्यं झाली की कुणाचातरी व्हय सुटायचाच. मंग समद्या तिच्यावर तुटून पडायच्या. आता जमतंय. जमलंच पायजे.

काल संजूचा फोन आला. आवाज लोण्यावाणी. "आक्का, शेवटची सुनावणी हाय. सायेब सोता गावात येत्यात. लोकं गोळा करशील न्हवं?"

"करते," मी म्हणलं. "आपलीच न्हाय, काठाच्या झाडून समद्या गावांची करते. एकाच मांडवात बसणार."

"तसं न्हाय चालत आक्का. दर गावाची बैठक येगळी असती."

"म्हून तर."

त्यानं इषय बदलला. मंग हळूच म्हणाला, "आक्का, भाऊबीजेला येऊ न्हवं मी?"

इथं माझं काळीज हाललं. खोटं कशाला बोलू. माझ्या हातचं खाऊन वाढलेला त्यो.

"ये," मी म्हणलं. "ओवाळीन. जेवायला वाढीन. पण तू बोलायला लागलास की मी गप बसणार. आन् त्या सायबांना आत्ताच सांगून ठेव, ह्या येळंला आदी आमी बोलणार. सायेब, मॅडम आन् तू, तिघांनी म्होरं सतरंजीवर बसायचं. घड्याळ बघायचं न्हाय. आमचं पुरं हुस्तवर ऐकायचं, आन् आमच्या रीतीनं मधीमधी व्हय म्हणायचं. आमीबी पोरांना मोबाईल धरून उभं करणार हाय, तुमच्या कॅमेऱ्यावाणी. तुमच्या त्या व्हयचा अर्थ काय घ्यायचा, ते आता आमी ठरवणार."